यूस्टनला उतरलेली गाणी

किंग्ज क्रॉस, ४ ऑक्टोबर १९८२

स्टेशनातून बाहेर पडा आणि ग्रेज इन रोड धरा. सोमवारची रात्र आहे. दुकानं मिटलेली, फुटपाथवर कुणी रेंगाळत नाही. वस्ती अंधार पडल्यावर फारशी भली नाही हे लोकांच्या भराभर चालण्यावरूनच कळतं. थोडं पुढे 'पिंडार ऑफ वेकफिल्ड' हा पब लागेल. आत शिरा, काउंटरवरून एक ग्लास घ्या आणि जिथे छोटा रंगमंच आहे तिथे जाऊन उभे राहा. एका नव्या बँडचा आज पहिला कार्यक्रम आहे. नाव 'पोग महोन'. आयरिश भाषेतला हा शिवराळ वाक्प्रचार आहे. गेलिक जाणणाऱ्या लोकांनी बीबीसीकडे तक्रार केल्यावर नाव छाटून 'द पोग्ज' होईल, पण त्याला अजून अवकाश आहे.

माइकसमोर चोवीस वर्षांचा तरुण उभा आहे. बाहेर आलेले कान, बोटांत सिगारेट आणि दातांची अशी दैना, की पाहणाऱ्याची नजर तिथेच अडकावी. हा शेन मॅकगोवन. त्याच्या बाजूचा जेम फायनर बँजो शिकतो आहे, शिकला आहे असं अजून म्हणवत नाही. जेम्स फर्नली आजवर गिटारवाला; त्याच्या गळ्यात अकॉर्डियन अडकवलं आहे. स्पायडर स्टेसी टिन व्हिसल फुंकतो. पुढे तो बियरचा ट्रे स्वतःच्या कपाळावर आपटून ताल धरायलाही कमी करणार नाही.

वादन सुरू होतं आणि तुमचा ग्लास हिंदकळतो. चाली खेड्यातल्या लग्नात नाचायच्या आहेत, पण अंगात पंक संचारलेला. शेन गातो म्हणण्यापेक्षा ओरडतो, गुरगुरतो, शब्द चावून टाकतो. तरी मध्येच एखादी ओळ स्वच्छ ऐकू येते आणि आपण कान टवकारतो. कार्यक्रमातली काही गाणी शंभर-दीडशे वर्षांची, काही त्याने अलीकडेच लिहिलेली. आणि कुठलं कोणतं, हे तुम्हाला ओळखता येत नाही. परवा लिहिलेलं गाणं पिढ्यान्पिढ्या चालत आल्यासारखं वाटावं, ही करामत या पोराला कुठे साधली? ते पाहायचं तर वीस वर्षं मागे आणि समुद्रापलीकडे जावं लागेल.

कार्नी कॉमन्स, टिपररी, १९६० च्या दशकाची सुरुवात

नीना गावाबाहेर कुरणांच्या मधोमध एक जुनं शेतघर. शेनच्या आईचं, थेरेसचं, हे माहेर. ती स्वतः बक्षिसं मिळवलेली गायिका. वडील मॉरिस डब्लिनचे, पुस्तकांचे वेडे. लंडनला एका कपड्यांच्या कंपनीच्या ऑफिसात नोकरीला. मुलाचा जन्मही तिकडचाच: २५ डिसेंबर १९५७, केंटमधलं पेम्बरी. म्हणजे ऐन नाताळात आणि इंग्लंडमध्ये. मोठेपणी मुलाखती देताना तो बालपणाची पहिली वर्षं याच घरात गेल्याचं सांगेल. चरित्रकार हिशेब मांडतील तेव्हा इंग्लंडचा वाटा बराच मोठा आणि टिपररीचा सुट्ट्यांपुरता निघेल. पण आज तो इथे आहे, आणि तुम्हीही आहात.

स्वयंपाकघरात दाराजवळ बसा. शेगडीत पीट जळतं आहे. त्या वाळलेल्या दलदलीच्या मातीचा धूर डोळ्यांना झोंबतो. आधी जपमाळ होते. घरातली एक वृद्ध मावशी मोठ्याने प्रार्थना सांगते, बाकीचे गुडघे टेकून प्रतिसाद देतात. जपमाळ खुंटीला लागली की शेजारीपाजारी येऊ लागतात. कुणाच्या काखेत फिडल, कुणाकडे नुसता आवाज. बाटल्या उघडतात. या घरात मुलांनाही स्टाउटचे घोट मिळतात; हे तो पुढे हसत सांगेल, आणि त्याचं आयुष्य माहीत असलेल्यांना ते ऐकून हसू येणार नाही.

मग त्या चिमुरड्याला टेबलावर उभं करतात. तो गातो. गाण्यात फाशी गेलेला बंडखोर आहे, बोटीतून गेलेला मुलगा आहे, दारूत बुडालेला नवरा आहे. हे गाणं कुणाचं, असं इथे कुणी विचारत नाही. ज्याला येतं त्याचं. पोराच्या डोक्यात एक गोष्ट कायमची बसते: गाणं म्हणजे नाव नसलेल्या माणसांची कैफियत, आणि ते इतकं सोपं हवं की दारूच्या चौथ्या ग्लासानंतरही शब्द आठवावेत.

यूस्टन आणि किलबर्न, नोव्हेंबर १९७४

आता त्या माणसांच्या मागोमाग या, ज्यांच्यावर ही गाणी आहेत. आयर्लंडहून निघालेला माणूस रात्रीच्या बोटीने वेल्समधल्या होलीहेडला उतरतो, तिथे गाडीत बसतो आणि पहाटे लंडनच्या यूस्टन स्टेशनात बाहेर पडतो. एकट्या १९५० च्या दशकात सुमारे ४ लाख माणसं आयर्लंडमधून वजा झाली, त्यांतली बहुसंख्य याच बाजूला आली. यूस्टनहून जी वस्ती जवळ, तीच त्यांची झाली: कॅम्डेन, किलबर्न, क्रिकलवुड. भल्या पहाटे रस्त्याच्या कडेला उभे असलेले हे गडी पाहा. आपल्याकडच्या नाका कामगारांसारखेच ते ठेकेदाराच्या गाडीची वाट पाहत आहेत. ज्याला गाडीत घेतील त्याचा दिवस भरला. मजुरी रोख, तीही पुष्कळदा पबमध्येच, म्हणजे हातात पडते आणि तिथेच वितळते. लंडनचे रस्ते, भुयारं, इमारती यांच्या हातांनी उभ्या आहेत.

या महिन्यात किलबर्नची बस नेहमीपेक्षा गप्प आहे. २१ नोव्हेंबरला बर्मिंगहॅमच्या दोन पबमध्ये बॉम्ब फुटले, २१ माणसं गेली. सुमारे आठवडाभरात संसदेने दहशतवादविरोधी कायदा केला. संशयिताला आरोप न ठेवता सात दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येतं. तुमच्या पुढच्या बाकावरच्या दोन बायका आयरिश हेल ओळखू येऊ नये म्हणून कुजबुजत बोलताहेत. बर्मिंगहॅमच्या प्रकरणात सहा आयरिश माणसांना पकडलं आहे. त्यांचे चेहरे नीट पाहून ठेवा, पुढे लागतील.

शेन आता सतरा वर्षांचा होतो आहे. साहित्यातल्या हुशारीवर वेस्टमिन्स्टरसारख्या उच्चभ्रू शाळेची शिष्यवृत्ती मिळाली होती. मादक पदार्थांपायी शाळेने काढून टाकलं. लवकरच काही महिने मनोरुग्णालयात जातील. शाळेत तो गरीब घरचा आयरिश, टिपररीत तो इंग्रजी बोलीचा पाहुणा. दोन्हीकडे अर्धा.

द मॉल, २३ ऑक्टोबर १९७६

बकिंगहॅम राजवाड्याकडे जाणाऱ्या राजरस्त्यावरच समकालीन कलांची संस्था आहे. तिच्या सभागृहात 'द क्लॅश' वाजवताहेत. पुढे घुसा, पण कोपरं सांभाळा. त्या दंग्यात शेनच्या कानातून रक्त वाहताना दिसेल. एका मुलीबरोबरच्या धसमुसळेपणात कान फाटला आहे. फोटोग्राफर तिथेच आहे. संगीत साप्ताहिक नरभक्षणाचा मथळा देऊन तो फोटो छापतं आणि एकही गाणं न गाता हा पोरगा लंडनभर ओळखीचा होतो. या दिवसांत तो युनियन जॅकच्या कापडाचा कोट घालूनही मिरवतो. टिपररीच्या मावशीने पाहिला असता तर?

पंकने त्याला परवानगी दिली. सूर नसला तरी चालतो, शिक्षण नको, भाषा रस्त्यावरची हवी, आणि जे तुला लाजिरवाणं वाटतं तेच ओरडून सांग. लंडनमधल्या आयरिश पोरांना त्या काळात सगळ्यांत लाजिरवाणं काय वाटत होतं? आयरिश असणं. काकांच्या रेकॉर्डी, रविवारची मिस्सा, पबमधली रडकी गाणी. शेन 'द निप्स' नावाच्या बँडमध्ये काही वर्षं काढतो, आणि मग तेच लाजिरवाणं सामान बाहेर काढतो. तिथून पिंडार ऑफ वेकफिल्डची ती सोमवारची रात्र. ती गाणी लोणच्यासारखी डब्लिनमध्ये मुरलेली नव्हती. तिथे राहून त्यांच्यापासून कुणी इतकं दूर गेलंच नसतं, की त्यांच्याकडे वळून यावं लागेल. त्यासाठी लंडनच हवं होतं.

लंडन, १९८५

'रम, सॉडमी अँड द लॅश' हा दुसरा अल्बम दुकानात आला आहे. निर्माता एल्व्हिस कोस्टेलो. मुखपृष्ठावर चित्रकार जेरिकोचं बुडत्या तराफ्याचं प्रसिद्ध चित्र, फक्त तराफ्यावर बँडवाल्यांचे चेहरे चिकटवलेले. हेडफोन लावा. 'द ओल्ड मेन ड्रॅग' मध्ये लंडनला आलेला एक कोवळा मुलगा आहे. पिकॅडिलीच्या परिसरात शरीर विकतो, पोलिसांचा मार खातो, संपतो. गाणारा दया मागत नाही, उपदेशही करत नाही. 'अ पेअर ऑफ ब्राउन आइज' मध्ये पबात एक तरुण आपल्या दुःखात झिंगून बसला आहे, आणि शेजारचा म्हातारा त्याला युद्धात पाहिलेल्या चिंध्या झालेल्या शरीरांची गोष्ट ऐकवतो. तरुणाला त्याचा राग येतो, पण तो ऐकतो. शेनची जागा नेमकी तीच आहे: शेजारच्या खुर्चीतली. म्हाताऱ्याचं बोलणं संपेपर्यंत न उठणारा.

आयर्लंडमध्ये सगळ्यांना हे रुचत नाही. पारंपरिक संगीताची घराणी जपणाऱ्या काही वादकांना हा अपमान वाटतो: इंग्लंडमध्ये वाढलेली, ज्यांतली कित्येक आयरिशही नाहीत, अशी पोरं दारू पिऊन आपली गाणी तुडवताहेत. दोन वर्षं पुढे सरका. १९८७ साली ब्रिटनच्या टीव्हीवर 'द डब्लिनर्स' या बुजुर्ग दाढीवाल्यांच्या मांडीला मांडी लावून पोग्ज 'द आयरिश रोव्हर' गाताहेत, आणि ते गाणं ब्रिटनच्या पहिल्या दहांत शिरलं आहे. बुजुर्गांनी पंगतीत घेतल्यावर बाकीच्यांची तक्रार आपोआप बारीक झाली.

सेंट जॉन्स वुड आणि न्यूयॉर्क, १९८७

आता थोडं थांबा, कारण इथे कारागिरी पाहायची आहे. आरएके स्टुडिओत ते गाणं आकार घेतं आहे ज्याच्यावर दोन वर्षं घासाघीस चालली: 'फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क'. कोस्टेलोने नाताळचं युगुलगीत लिहून दाखवण्याची पैज लावली, असं शेन सांगतो. फायनरने आधी एका खलाशाची कथा रचली. फायनरच्या बायकोने नाक मुरडलं आणि त्यापेक्षा नाताळात भांडणाऱ्या जोडप्यावर लिही म्हणाली. चालीचा मोठा भाग फायनरचा, शब्द शेनचे. नाव जे. पी. डॉनलिव्हीच्या कादंबरीवरून उचललेलं. आणि न्यूयॉर्क? लिहायला घेतलं तेव्हा शेनने ते शहर पाहिलेलंही नव्हतं. ज्याने टिपररी सुट्ट्यांतून उभी केली, त्याला न्यूयॉर्क सिनेमांतून उभं करणं अवघड नव्हतं.

बाईचा आवाज आधी बँडमधल्या केट ओ'रिओर्डनचा होता. ती बँड सोडून गेली. निर्माता स्टीव्ह लिलीव्हाइट मग बायकोला, कर्स्टी मॅकॉलला, नमुना म्हणून तो भाग घरच्या स्टुडिओत गायला लावतो. टेप आल्यावर सगळे गप्प. दुसरी गायिका शोधायचं कारणच उरत नाही. शेन तिच्या आवाजावर आपला भाग नव्याने गातो. एकमेकांना इतके टाकून बोलणारे हे दोघे रेकॉर्डिंगला समोरासमोर नव्हतेच.

व्हिडिओसाठी न्यूयॉर्कला चला. कडाक्याची थंडी. गाण्यात पोलिसांचा गायकवृंद येतो, पण न्यूयॉर्कच्या पोलिसांकडे तो नाहीच. बॅगपाइप आणि ढोलांचं पथक आहे. त्यांना गाण्यातल्या गायकवृंदाचं आयरिश गीत येत नाही, म्हणून कॅमेऱ्यासमोर ते मिकी माउस क्लबचं शीर्षकगीत म्हणताहेत. पियानोवरच्या हातांकडे बारकाईने पाहा: अंगठ्या शेनच्या, बोटं फर्नलीची. शेनला पियानो येत नाही.

गाणं २३ नोव्हेंबरला बाहेर येतं. आयर्लंडमध्ये पहिलं, ब्रिटनमध्ये दुसरं, कारण पहिल्या जागेवर पेट शॉप बॉइज ठाण मांडून बसले आहेत. या नाताळगीतात देवदूत नाहीत. दारुड्यांच्या कोठडीतला माणूस आहे, हातातून निसटलेली स्वप्नं आहेत आणि गलिच्छ शिव्या आहेत. त्या शिव्यांतला एक शब्द समलिंगी लोकांना झोंबणारा. २०२० साली बीबीसी रेडिओ १ बदललेले शब्द वाजवेल. शेनचं म्हणणं साधं असेल: ती बाई त्या काळातली, त्या परिस्थितीतली आहे, आणि गाण्यातली सगळी माणसं सज्जन असायलाच हवीत असं नाही, शब्द झाकायचा तर झाका, आपली भांडायची इच्छा नाही.

केंटिश टाउन, १७ मार्च १९८८

सेंट पॅट्रिक्स डे. 'टाउन अँड कंट्री क्लब' घामाने निथळतो आहे. शेजारचा गडी तुमच्या खांद्यावर हात टाकून उड्या मारतो. चौदा वर्षांपूर्वी बसमध्ये कुजबुजणाऱ्या बायकांपैकी एकीचा मुलगा म्हणून शोभेल. हेल लपवायचा नाही, उलट जेवढा आहे त्याहून जास्त लावायचा, अशी ही रात्र आहे. मंचावर कर्स्टी येते, क्लॅशचा जो स्ट्रमरही येतो.

जानेवारीत आलेल्या नव्या अल्बमवर बर्मिंगहॅमच्या त्या सहा जणांचं गाणं आहे. आठवतात ते चेहरे? मारहाण करून घेतलेल्या कबुलीजबाबांवर जन्मठेप झाली, आणि याच जानेवारीत त्यांचं अपील फेटाळलं गेलं. शेन उघड म्हणतो, हे निर्दोष आहेत. वर्ष संपण्याआधी खासगी टीव्ही-रेडिओचा नियामक गाण्यावर बंदी घालेल. १४ मार्च १९९१ ला लंडनच्या ओल्ड बेली कोर्टाबाहेर उभे राहिलात तर सहा माणसं उन्हाकडे डोळे बारीक करून बाहेर येताना दिसतील. सोळा वर्षांनी शिक्षा रद्द. गाण्याने त्यांना सोडवलं नाही. पण जे बोलायला लोक घाबरत होते, ते या हॉलमध्ये हजारो पोरं सुरात ओरडत होती.

योकोहामा, १९९१, आणि पुढची उताराची वाट

हॉटेलची खोली. बँडमधले सगळे जमले आहेत. शेन कार्यक्रमांना येत नाही, आला तर उभा राहू शकत नाही. त्याला काढून टाकायचं ठरलं आहे. तो ऐकतो आणि एवढा उशीर का केलात, असं सौम्यपणे विचारतो. इथे दारूची मौज वाटणाऱ्यांनी नीट पाहावं. तेहतीस वर्षांचा माणूस आहे, आणि त्याची सगळ्यांत चांगली गाणी लिहून झालेली आहेत.

यापुढची वर्षं भराभर पार करा. 'द पोप्स' हा नवा बँड, १९९४ चा 'द स्नेक'. १९९९ मध्ये हेरॉइनमुळे तो मरेल या भीतीने गायिका शिनेड ओ'कॉनर पोलिसांत तक्रार करते; तो भडकतो, नंतर तिचे उपकार मानतो. २००० च्या डिसेंबरात मेक्सिकोच्या समुद्रात भरधाव बोटीखाली सापडून कर्स्टी जाते. आपल्या मुलाला तिने बाजूला ढकललं होतं. २००१ पासून पोग्ज पुन्हा एकत्र गातात, पण नवी गाणी येत नाहीत. २०१५ मध्ये पडल्याने कंबरेचं हाड मोडतं आणि उरलेलं आयुष्य चाकांच्या खुर्चीत जातं. त्याच वर्षी दात मात्र नवे कोरे बसतात.

१५ जानेवारी २०१८ ला डब्लिनच्या नॅशनल कॉन्सर्ट हॉलमध्ये साठीचा सोहळा. गायक निक केव्हबरोबर तो गातो, आणि राष्ट्राध्यक्ष मायकल डी. हिगिन्स, जे स्वतः कवी आहेत, त्याला जीवनगौरव देतात. केंटच्या जन्मदाखल्याचा उल्लेख कुणी करत नाही.

नीना, ८ डिसेंबर २०२३

३० नोव्हेंबरला शेन डब्लिनमध्ये वारला. आज सकाळी घोड्यांच्या गाडीतून त्याची शवपेटी डब्लिनच्या रस्त्यांवरून निघाली. लोक दुतर्फा गात होते. दुपारी तुम्ही नीनाच्या चर्चमध्ये आहात. हिगिन्स आहेत, राजकारणी जेरी ॲडम्स आहेत, अभिनेता जॉनी डेप आहे. निक केव्ह शेनचं गाणं गातो. मग ग्लेन हॅन्सर्ड आणि लिसा ओ'नील पोग्जच्या साथीने ते नाताळचं भांडण सुरू करतात. शिव्यांसकट एक गाणं, मिस्सेमध्ये, वेदीसमोर. पाहता पाहता शेनची पत्नी व्हिक्टोरिया आणि बहीण शिव्होन बाकांमधल्या वाटेवर नाचू लागतात, आणि सगळं चर्च टाळ्या धरतं.

बाहेर पडा आणि जो पहिला पब दिसेल त्यात शिरा. आज इथे कुणी ना कुणी 'डर्टी ओल्ड टाउन' धरणारच. पोग्जनी १९८५ च्या अल्बमवर गायलेलं हे गाणं जगभर आयरिश म्हणून चालतं. खरं तर ते इंग्लंडमधल्या सॅल्फर्डच्या कारखान्यांवर आहे, आणि १९४९ साली ते लिहिणारा ईवन मॅकॉल, म्हणजे कर्स्टीचा बाप, स्कॉटिश आईबापांच्या पोटी तिथेच जन्मलेला. टिपररीत याबद्दल कुणाची तक्रार नाही. डब्लिनर्सनी आणि पोग्जनी ते इतक्यांदा गायलं की ते इथलं झालं. शेनही तसाच इथला झाला: जन्माने कमी आणि वारंवार गाऊन जास्त. ग्लास उचला, धृपद आलं की आवाज सोडा. शब्द येत नसतील तर शेजारचा सांगेल. तुम्ही कुठले, हे तो गाणं संपल्यावर विचारेल.